चाळीस जणांचा एकच गैरसमज

शहराच्या वेशीवर भूखंड विकणाऱ्याविरुद्ध कोणी दिवाणी दावा लावला, की कैफियतीतील पहिले वाक्य ठरलेले असते : वादीचा गैरसमज झाला. जमीन बिगरशेती झाली आहे असे कोणी म्हटलेच नव्हते. 'होईल' एवढेच म्हटले होते. शिवाय साठेखतावर त्याची सही आहे, सातबारा त्याने पाहायला हवा होता. एका माणसाच्या बाबतीत हे पटूही शकते. पण त्याच रेखांकनातील चाळीस जणांना त्याच दलालाने तोच नकाशा पसरून तेच शब्द ऐकवले असतील, तर चाळीसही जणांचा एकच गैरसमज कसा होतो?

हा प्रश्न न्यायालयात उभा करायचा तर इतर खरेदीदारांना साक्षीला बोलवावे लागते, आणि तेथेच प्रतिवादीचा वकील उठतो : त्यांच्या व्यवहाराचा या दाव्याशी संबंध नाही, हा पुरावा अप्रस्तुत आहे. ही हरकत ऐकायला शास्त्रशुद्ध वाटते, हीच तिची ताकद.

कायदा मात्र तसे म्हणत नाही. १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे कलम १५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम १३, सांगते की कृत्य अपघाताने घडले की हेतुपुरस्सर, असा प्रश्न असेल तेव्हा ते सारख्या घटनांच्या मालिकेतील एक होते ही गोष्ट प्रस्तुत ठरते. प्रत्येक घटनेत तोच माणूस गुंतलेला असला म्हणजे झाले. कायद्यातले उदाहरण बोलके आहे. एक माणूस एकामागून एक घरांत राहतो, प्रत्येकाचा विमा उतरवतो, प्रत्येकाला आग लागते, आणि दर वेळी तो वेगळ्या विमा कंपनीकडून पैसे घेतो. विमा कंपन्यांच्या तिजोरीसाठी जे तर्कशास्त्र १८७२ मध्ये सुचले, ते कामगाराने भविष्यनिर्वाह निधी मोडून घेतलेल्या दोन गुंठ्यांसाठी का सुचू नये?

हेतू सिद्ध होण्यावर बरेच काही अवलंबून आहे. करार अधिनियमाच्या कलम १९ नुसार विक्रेत्याचे निवेदन केवळ चुकीचे असेल आणि सामान्य दक्षतेने सत्य कळू शकले असते, तर खरेदीदाराला करार रद्द करता येत नाही. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याला ही पळवाट नाही. 'सातबारा पाहायला हवा होता' या वाक्यामागचे गणित हे आहे.

यावर असे म्हटले जाते की जुन्या चोपड्या उघडल्या तर न्यायालय वर्तनाचा नव्हे, चारित्र्याचा निवाडा करू लागेल. ही भीती खोटी नाही. जन्मावरून गुन्हेगारीचा शिक्का मारणारा १८७१ चा कायदा या देशाने १९५२ पर्यंत भोगला (आणि पारध्यांच्या पालावर पोलीस आजही आधी पोचतात). समाजवाद्यांनी तरी ती विसरता कामा नये. म्हणून रेषा नेमकी हवी. विक्रेता लबाड आहे, दुसऱ्या तालुक्यात त्याने मजुरी बुडवली, हे येथे चालणार नाही. पहिल्या दहा खरेदीदारांनी परवानगी नसल्याची लेखी तक्रार दिल्यानंतरही अकराव्याला तेच सांगितले गेले असेल, तर त्या दहा तक्रारी विक्रेत्याच्या चारित्र्याचा नव्हे, त्याला सत्य ठाऊक असल्याचा पुरावा ठरतात. अकराव्याला ते शब्द खरोखर सांगितले गेले होते हे मात्र त्याला स्वतःच सिद्ध करावे लागेल. मालिका त्याच्या साक्षीला बळ देईल, तिची जागा घेणार नाही.

संसदेलाही मागील वर्तन अप्रस्तुत वाटत नाही. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने प्रकल्प नोंदवणाऱ्या प्रवर्तकाला गेल्या पाच वर्षांतील प्रकल्प, त्यांतील विलंब आणि प्रलंबित खटले उघड करण्यास भाग पाडले आहे. नोंदणीच्या खिडकीवर जे विचारता येते, ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशी विचारू नये, याला काय अर्थ?

मालिका सिद्ध होते ती एकत्र आलेल्या खरेदीदारांकडून. पावत्या, छापील नकाशे, तक्रारींच्या पोचपावत्या दावा लावण्यापूर्वीच वस्तीत एका ठिकाणी जमवल्या पाहिजेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम ४ प्रमाणे कपटाचा तपशील तारखांसह वादपत्रातच लिहावा लागतो. साक्षीच्या दिवशी आठवून भागत नाही.