स्वस्त गाळणी, महाग पाणी

भाताच्या तुसाची राख ही आपल्या देशात फुकट जाणारी वस्तू. तिच्यातून पिण्याचे पाणी गाळण्याची पद्धत पुण्यातील टाटांच्या संशोधन केंद्रात विकसित झाली. पुढे तिला चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची जोड मिळाली आणि डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ या नावाने ती बाजारात आली. वीज नको, नळ नको. तेव्हा किंमत ७४९ रुपयांपासून होती. या संशोधनाला नावे ठेवण्याचे कारण नाही. विज्ञान कष्टकऱ्याच्या माठापर्यंत पोहोचावे, ही तर कम्युनिस्टांचीच मागणी आहे.

प्रश्न आहे तो ते कोणत्या वाटेने पोहोचते हा. यंत्राचा प्राण असलेला शुद्धीकरणाचा भाग ३००० लिटर पाण्यानंतर निकामी होतो. प्रारंभी त्याची किंमत २९९ रुपये होती. पाच माणसांच्या घराला दिवसाला १५ लिटर धरले तरी वर्षाकाठी असे जवळजवळ दोन भाग लागतात, म्हणजे सुमारे ६०० रुपये. त्या काळी रोजगार हमीची मजुरी १०० रुपयांच्या घरात होती. म्हणजे शेतमजुराने वर्षातील सहा दिवस निव्वळ जंतुरहित पाण्यासाठी राबायचे! यंत्र एकदा विकावे आणि सुटा भाग जन्मभर विकत राहावा, हा भांडवली धंद्याचा जुनाच रिवाज.

आणि एवढे करूनही भूजलात विरघळलेल्या फ्लोराइडवर वा आर्सेनिकवर या मूळ यंत्राचा इलाज चालत नाही. पाणी उकळूनही ही विषे जात नाहीत. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकबाधेचे रुग्ण १९८३ साली उजेडात आले. फ्लोराइडने वाकलेली हाडे नलगोंडापासून यवतमाळ-चंद्रपूरपर्यंत आढळतात. नागपूरच्या ‘नीरी’ या सरकारी संस्थेने १९७०च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड घटविण्याची नलगोंडा पद्धत दिली. घरच्या बादलीतही ती करता येते. तिच्यात दोष आहेत: तुरटीचे प्रमाण चुकले तर पाण्यात ॲल्युमिनियम उरते, आणि तळाच्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते. परंतु हे दोष पाणी तपासणाऱ्या शिक्षित माणसाच्या अभावी मोठे होतात, आणि असा माणूस गावाला देणे हे सरकारचे काम आहे.

सरकार मात्र नळांची संख्या मोजते. प्रत्येक ग्रामीण घरी नळ देण्याची २०१९ साली जाहीर झालेली २०२४ची मुदत टळली. २०२५च्या अर्थसंकल्पात ती २०२८पर्यंत लांबविण्यात आली. नळ आला म्हणजे फ्लोराइड गेले असे होत नाही.

म्हणून पक्षाच्या शाखांनी ग्रामसभेत मागणी नेमकी ठेवावी: प्रत्येक जलस्रोताच्या तपासणीचे आकडे फलकावर लावा, विषबाधित गावात सार्वजनिक खर्चाने शुद्धीकरण केंद्र चालवा, आणि ते होईपर्यंत घरगुती गाळणीचे बदलते भाग रेशन दुकानातून मोफत द्या.