बालवाडीतला बर्फ

वस्तीतील बालवाडीच्या हिशेबाची वही आमच्याकडे असते. गेल्या एप्रिलमध्ये बाईंनी त्यात एक खर्च लिहून आणला : बर्फ तीन किलो, जाडे मीठ एक किलो. आम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचले. बालवाडीत बर्फ कशाला? बाई म्हणाल्या, "दादा, शनिवारी येऊन बघा."

आम्ही गेलो. घमेल्यात बर्फाचे तुकडे आणि भोवती बावीस पोरे, चार-पाच वर्षांची. बाईंनी काही सांगितले नाही, नुसते हात लावू दिले. कुणी म्हणाले, "भाजतंय!" कुणी बोट चोखले. (बर्फ पिण्याच्या पाण्याचा होता. मासळीबाजारातला मुलांच्या हाती देऊ नये. न खाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८ पासून महाराष्ट्रात त्याला निळा रंग घालण्याचा नियम आहे.)

एका मुलीने तुकडा हळूच फ्रॉकच्या खिशात ठेवला, धाकट्या भावाला न्यायला. थोड्या वेळाने चाचपते तर नुसता ओला खिसा. कुणीतरी चोरला म्हणून ती रडू लागली. आम्ही समजावायला पुढे झालो, तर बाईंनी डोळ्यांनीच दटावले. दुसरा तुकडा वाटीत घालून त्यांनी तिच्यापुढे ठेवला. "यावर नजर ठेव. कोण चोरतो ते बघू." पोरगी जागची हलली नाही. शेवटी ओरडली, "बाई, कुणी नाही चोरला! तोच पाणी झाला!" हे वाक्य आम्ही तिला आधीच देऊन टाकणार होतो.

मग गोधडी आली. एक तुकडा उघडा, तेवढाच दुसरा गोधडीत गुंडाळलेला. आधी कोणता संपेल? सगळी मुले म्हणाली, गोधडीतला. गोधडी गरम असते. खरे सांगायचे तर आमचेही मत तेच होते, आणि आम्ही बी. कॉम. झालेलो आहोत. उघडा तुकडा संपला तेव्हा गोधडीतला बराचसा शिल्लक होता. गोधडी स्वतः ऊब देत नाही, फक्त उष्णतेची ये-जा अडवते. अंगाची ऊब आत राहते, तशी बाहेरची आत शिरत नाही. अशाच आडोशाच्या जोरावर १८३३ साली बोस्टनचा बर्फ जहाजाने चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचला होता.

वितळणे कुठेही दाखवता येते. गोठणे दाखवायचे तर फ्रिज हवा, आणि या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी तो नाही. बर्फ म्हणजे दुकानात मिळणारी वस्तू, एवढेच त्यांना ठाऊक. मीठ त्यासाठी होते. बाईंनी बर्फ कुटला, त्यात मीठ मिसळले आणि चमचाभर पाण्याची स्टीलची डबी मधोमध रुतवली. मिठामुळे बर्फ शून्य अंशाच्या खालीही वितळत राहतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता डबीतल्या पाण्यातून ओढून घेतो. ते मिश्रण बोटांना इजा करते, म्हणून मुलांना लांब बसवले होते. पंधरा-वीस मिनिटांनी डबी उलटी केली. पाणी सांडले नाही! वर्गात एकच गलका झाला. डबी हातोहात फिरली आणि पुन्हा पाणी होऊन परत आली.

"बर्फ विरघळला," असे आम्ही बोलून गेलो. बाईंनी आम्हालाही सोडले नाही. साखर विरघळते, बर्फ वितळतो.

सोमवारी एका पालकाची तक्रार आली : पोरांना सर्दी होईल, त्यापेक्षा अक्षरे गिरवून घ्या. आम्हाला त्यांचा राग आला नाही. आपल्या माणसाला अक्षर किती उशिरा मिळाले, हे त्यांना आमच्याइतकेच ठाऊक आहे. आम्ही त्यांना पुढच्या शनिवारी बोलावले आहे. येताना घरची गोधडी आणा म्हटले.

खर्च मंजूर केला. बाईंनी तो 'किरकोळ'मध्ये लिहिला होता. आम्ही तो खोडून 'शैक्षणिक साहित्य' या सदरात घेतला.