वारंवार जळणारा ‘सेल्फ’

उधन्याहून जळगावकडे निघालेली आगगाडी सुरत शहर मागे टाकताना ज्या वस्तीजवळून जाते, ती आमची डिंडोली. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून कापडधंद्याच्या आधाराने आलेली असंख्य मराठी कुटुंबे येथे स्थिरावली आहेत. कोणी यंत्रमागावर राबतो, कोणी रंगाई-छपाईच्या गिरणीत; आणि काही घरांचा सारा प्रपंच दारात उभ्या असलेल्या एका जुन्या मालट्रकवर चालतो. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर या मार्गाने कापडाच्या गाठी धुळ्याकडे नेणारा हा ट्रक म्हणजे त्या घरचा मिळवता पुत्रच म्हणावयाचा. तो पहाटे उठला नाही, तर भाडे बुडते, व्यापारी दुसरी गाडी बोलावतो आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

असा एक ट्रक आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा आहे. त्याचा ‘सेल्फ’, म्हणजे इंजिनास पहिली फिरकी देणारी विजेची मोटर, एका वर्षात तीन वेळा जळला. प्रत्येक खेपेस आर्मेचर पुन्हा बांधून घेतले, कार्बन आणि बुश बदलले. परंतु तीन-चार महिन्यांत पुन्हा तोच जळका वास. अखेर सारा ठपका चालकावर आला. ‘तू चावी दाबून धरतोस, म्हणून सेल्फ जळतो,’ असे म्हणून मालकांनी तिसऱ्या दुरुस्तीचा खर्च त्याच्या पगारातून कापला. चालक त्यांच्याच गावचा, मानी गृहस्थ. त्याने गावी परतण्याचे ठरविले आणि सातवीत शिकणाऱ्या आपल्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागण्यासाठी तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. यंत्रातील बिघाड माणसांच्या संबंधांत कसा शिरतो, याचे हे उदाहरण मराठीच्या शिक्षकासही विचार करावयास लावणारे होते.

या मोटरचा स्वभाव प्रथम समजून घेतला पाहिजे. पूर्वी मोटारी हँडल मारून सुरू करीत, आणि इंजिनाने उलट झटका दिला की हात मोडत. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी 1911 साली विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला व 1912 च्या कॅडिलॅक मोटारींत तो बसविला गेला. केटरिंग यांनी त्यापूर्वी दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर तयार केली होती. गल्ल्याचा खण उघडण्यास क्षणभराचाच जोर लागतो. तेव्हा लहान मोटरकडूनही क्षणभर तिच्या शक्तीबाहेरचे काम करून घेता येते, हे त्यांनी ओळखले होते. आजचा सेल्फही याच तत्त्वावर चालतो. तो काही सेकंदांच्या पराक्रमासाठी घडविलेला आहे. तेच काम त्याच्याकडून मिनिटभर करून घेतले, तर तो जळणारच.

मग चालक चावी दाबून का धरत होता? कारण इंजीन संथ फिरत होते व लवकर पेट घेत नव्हते. ते संथ का फिरत होते, हा खरा प्रश्न. आणि तीन दुरुस्त्यांत तो कोणीच विचारला नव्हता.

ट्रक एका वृद्ध वायरमनकडे नेण्यास मी मालकांना सुचविले. त्याने सेल्फला हातही लावला नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, चाकांना ओट लावून त्याने मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरली आणि चावी फिरवावयास सांगितली. तेथे अर्ध्या व्होल्टाच्या आत आकडा दिसावा; दिसला दोन व्होल्टांहून अधिक. निदान झाले होते.

इंजीन रबराच्या बैठकांवर बसलेले असते, म्हणून त्याच्यापासून चेसिसपर्यंत अर्थिंगची एक जाड पट्टी जोडावी लागते. वर्षापूर्वी इंजीन उतरविले असता ही पट्टी गंजावर व रंगावर तशीच आवळली गेली होती. यामागील गणित शाळेतल्या ओहमच्या नियमाचेच आहे. सेल्फ सुमारे 300 अँपिअर प्रवाह ओढतो असे धरले व वाटेत एका ओहमचा केवळ शंभरावा भाग अडथळा असला, तरी 3 व्होल्ट तेथेच खर्च होतात. 12 व्होल्टांतील चौथा हिस्सा वाटेतच गेल्यावर मोटर रडतखडत फिरते, चावी अधिक वेळ दाबावी लागते, गुंडाळ्या तापतात आणि सोलेनॉईडचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी करपतात. पट्टी काढून जागा पॉलिश कागदाने चकचकीत घासली, नवी पट्टी आवळली आणि इंजीन पहिल्याच फिरकीत सुरू झाले. खर्च आला तो एका दुरुस्तीच्या मानाने नगण्य.

प्रत्येक गाडीत हाच दोष असेल असे नाही. बॅटरी प्रथम पाहावी. विसाव्याच्या स्थितीत 12 व्होल्टांच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट दिसतात. डिझेलच्या नळीत हवा शिरत असेल, तर सेल्फ निर्दोष असूनही त्यास व्यर्थ राबावे लागते. वरून इंजीनतेल झिरपून मोटरमध्ये उतरत असेल, तर कार्बन चिकटतात. चावी किंवा रिले अडकून सेल्फ सुटला नाही, तर चालू झालेले इंजीनच त्यास भलत्या वेगाने फिरवून आर्मेचरचा चुराडा करते. फ्लायव्हीलच्या दात्यांकडेही पाहावे. चार सिलिंडरांचे इंजीन बहुधा दोनच ठिकाणी व सहा सिलिंडरांचे तीनच ठिकाणी थांबते. तेथील दाते आधी झिजतात व पिनियन करकरते. सेल्फ उतरविण्यापूर्वी बॅटरीची अर्थिंगची तार प्रथम सोडावी, हे मात्र कधीही विसरू नये. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक चावी दाबू नये आणि पुढच्या प्रयत्नापूर्वी मोटरला मिनिटभर तरी विसावा द्यावा.

चालक चावी दाबून धरीत होता, हे खोटे नव्हते. पण तो रोगाचे लक्षण होता, मूळ नव्हे. मालकांनी कापलेले पैसे परत केले, ही गोष्ट मला त्या पट्टीहून मोलाची वाटते. तीच वस्तू तीनदा बिघडली, की चौथ्यांदा ती बदलण्याऐवजी तिच्यापर्यंत काय पोहोचते व काय पोहोचत नाही, ते मोजून पाहावे. वर्गात एकाच विषयात वारंवार नापास होणाऱ्या मुलाविषयी आम्हां शिक्षकांनाही हाच नियम लागू पडतो. दाखल्याचा अर्ज चालकाने मागे घेतला. त्याची मुलगी यंदा आठवीत आहे.