पऱ्हाटी चुलीला, शेण वावराला



दरवर्षी ५ जूनला पर्यावरण दिनाची भाषणे होतात. कापडी पिशवी वापरा, वस्तू फेकू नका, झाडे लावा. जुन्या लुगड्याची गोधडी शिवणाऱ्या आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात ज्वारी भरणाऱ्या घराला हे शिकवायला पाहुणा लागत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात फेकण्यासारखे उरतेच किती?

पण म्हणून आपल्या घरात सगळे ठीक आहे असे आम्ही म्हणणार नाही. एका जागी आपले चुकते आणि ती चूक त्या भाषणांत कधी येत नाही. ती जागा म्हणजे आपली चूल. चुलीत काय घालायचे हा आपण स्वयंपाकाचा प्रश्न समजतो. तो शेतीचा प्रश्न आहे आणि त्याचा हिशेब पुढच्या हंगामात वावरात चुकता होतो.

आधी शेणाचा हिशेब करू. एक बैल दिवसाला साधारण १० किलो ओले शेण देतो. जोडीचे झाले २० किलो, वर्षाचे ७ टन. वखरणीत आणि चराईत पडते ते सोडून द्या, तरी चार टन घरी येते. काडीकचऱ्यासकट नीट कुजवले तर एका एकराचे खत होते. कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ५ टन, म्हणजे एकरी २ टन शेणखताची शिफारस आहे. याच शेणाच्या गोवऱ्या थापल्या की नत्र धुरातून निघून जाते आणि जमिनीला मऊ ठेवणारा सेंद्रिय भाग जळून जातो. हाती उरते ती राख. मग नत्रासाठी युरियाची गोणी आणायची, तीही उधारीवर.

गोणीतून नत्र मिळते, ओल मिळत नाही. ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा दिवस खंड दिला की घाटावरच्या हलक्या जमिनीत कपाशी माना टाकते. ज्या वावरात वर्षानुवर्षे शेणखत पडले आहे, तिथे ती चार दिवस जास्त तग धरते. कोरडवाहूत ते चार दिवस म्हणजेच पीक.

आता पऱ्हाटी. कपाशी संपली की आपण पऱ्हाट्या उपटतो आणि धुऱ्यावर नाहीतर घरामागे ढीग रचतो. वर्षभराचे जळण झाले म्हणून घर निश्चिंत होते. त्या ढिगात न फुटलेली, किडकी बोंडे असतात आणि बोंडातल्या सरकीत गुलाबी बोंडअळी झोपलेली असते. पावसाची ओल लागली की तिचे पतंग बाहेर पडतात आणि शेजारच्या वावरात पाते-फुले लागण्याची वाट पाहतात. २०१७ साली या अळीने विदर्भ-मराठवाड्यात काय केले ते आपण भोगले आहे. बीटी बियाण्याला ती दाद देत नाही हे त्या वर्षी सगळ्यांना कळले. बियाण्याच्या नावाने आपण ओरडलो ते बरोबरच होते. पण पुढच्या वर्षीची अळी आपणच घरामागे रचून ठेवतो, हे कोणी सांगायचे?

यावर उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही. जळणाचा क्रम बदला. डिसेंबरअखेर कपाशी आवरा, फरदड घेऊ नका. उपटलेल्या पऱ्हाटीची राहिलेली बोंडे आधी तोडून जाळा. उन्हाळाभर चुलीत पऱ्हाटीच जाळा आणि मृगाआधी ढीग संपवा. तुऱ्हाटी मागे ठेवा, ती पावसाळ्यासाठी. गुलाबी अळी तुरीवर राहत नाही. ज्वारीची धसकटे वेचून तीही आधी जाळा, खोडकिडा त्यांतच उन्हाळा काढतो. पऱ्हाटी जास्त असेल तर चार घरांनी मिळून श्रेडर आणावा आणि भुगा करून वावरात मिसळावा.

कोणी म्हणेल, शेण जाळायचे नाही तर गोबरगॅस करा. कृषीची पदवी घेऊन गावात आलो तेव्हा आम्हीही हेच सांगत होतो. एक घनमीटरच्या संयंत्राला रोज २५ किलो शेण लागते आणि तितकेच पाणी. एका जोडीच्या घरी ते शेण भरत नाही. मार्चनंतर जिथे प्यायचे पाणी टँकरने येते तिथे शेण कालवायला पाणी कुठले? संयंत्रे बंद पडली आणि नाव झाले बायांचे, की यांना चालवता येत नाही. चूक त्यांची नव्हती, हिशेब न करता शिफारस करणाऱ्या आमची होती. चार-पाच जनावरे आणि विहिरीला बारमाही पाणी असेल त्याने गोबरगॅस जरूर करावा. त्याची स्लरी खत म्हणून वावरात जाते, गोवरीसारखी जळून जात नाही.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. पऱ्हाटी जाळा की गोवरी, धूर मायबहिणींच्याच छातीत जातो. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, शेगडी घरात आली. पण सिलिंडर भरायला रोख लागते, म्हणून तो पाहुण्यांच्या चहापुरता राहिला आणि चूल पेटतच राहिली. ही घराची हौस नाही. २०२५ साली, वेचणीच्या तोंडावर, १९ ऑगस्टला सरकारने कापसावरचा ११ टक्के आयात कर काढला आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत चालू ठेवली. कापसाचा भाव पाडणाऱ्यांनी आमच्या धुराची काळजी करू नये. घामाचे दाम मिळाले तर सिलिंडर आम्ही आमच्या पैशाने भरू.

भाव मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे काय? १९९१ साली आपल्याच जिल्ह्यात, शेगावच्या मेळाव्यात, शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. त्यातले पहिले अंग सीता शेती. जमिनीचा एक तुकडा घरच्या बाईच्या कारभाराखाली द्यावा, बाहेरून कमीत कमी विकत आणावे, घरच्या शेणामातीवर पिकवावे. भाषणे लक्षात राहिली, तुकडा कितीजणांनी दिला ते ज्याचे त्याने आठवावे. शेण थापणारी ती, जळण वाहणारी ती, धूर गिळणारीही तीच. पण शेण कुठे जाणार आणि पऱ्हाटी कधी उपटणार हे तिला विचारून ठरत नाही. ते विचारले जात नाही तोवर आम्ही वर लिहिलेला क्रम कागदावरच राहील.

म्हणून या बैठकीतून घरी जाताना एवढे ठरवा. शेण खताच्या खड्ड्यात. पऱ्हाटी आधी, तुऱ्हाटी मागून. एक एकर घरच्या बाईच्या ताब्यात, त्यात ज्वारी आणि तूर, खत घरचे. मृगाच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक गावाच्या शाखेने आपल्या शिवारात फेरी मारावी आणि किती धुऱ्यांवर ढीग शिल्लक आहेत ते मोजून पुढच्या बैठकीत सांगावे. मोजणी पुढाऱ्यांच्या घरामागून सुरू करावी. आमच्या घरामागूनही.