जुळलेला ट्रायल बॅलन्स

वजनकाटा खोटं बोलत नाही, हे मला मान्य आहे. तो फक्त बेरीज सांगतो. पण बेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं मानणारा माणूस बी.कॉम. झालेला नसतो! ट्रायल बॅलन्स चोख जुळतो आणि आत एक चूक दुसऱ्या चुकीला झाकून स्वस्थ बसलेली असते. आम्ही कारकून तिला ‘कॉम्पेन्सेटिंग एरर’ म्हणतो.

आपल्या कितीतरी सडपातळ लेकींच्या अंगात हीच चूक लपलेली असते. स्नायू हवेत त्याहून कमी, चरबी हवी त्याहून जास्त. बेरीज तीच, ५० किलो. आणि घरदार खूश!

शेजारच्या वहिनी म्हणतात, “भावजी, आमच्या मुलीला व्यायाम कशाला? ती काय जाडी आहे?” व्यायाम म्हणजे जणू इन्कम टॅक्स, मर्यादेच्या वर गेलेल्यांनीच भरायचा!

डॉक्टर ज्याला बीएमआय म्हणतात, ते उंची-वजनाचं गणित एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केतले ह्यांनी मांडलं. हे गृहस्थ खगोलशास्त्रज्ञ! ग्रहताऱ्यांवाल्याच्या सूत्रावर मुलीची प्रकृती ठरवणं पत्रिका बघणाऱ्या आपल्या समाजाला पटावं, ह्यात नवल नाही.

पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी तर २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःलाच पुराव्यादाखल उभं केलं. शेजारी इंग्लंडचे डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. चरबी मात्र साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांची २१.२! हे झालं पुरुषांचं. बायकांच्या अंगात चरबी निसर्गतःच अधिक, आणि ती हवीच. भांडण आहे ते पोटात, आतड्यांभोवती साठणाऱ्या जादा चरबीशी. मधुमेह तिच्याच ओळखीने घरात शिरतो.

आणि आपण? लग्नाच्या जाहिरातीत ‘सडपातळ’ छापतो, मुलीने जेवण टाकलं की कौतुक करतो. उपाशी राहून स्नायूही झिजतात. म्हणजे ठेव मोडायची आणि कर्ज शिल्लक ठेवायचं!

तेव्हा काटा माळ्यावर टाका आणि शिंप्याची टेप काढा. कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर वजन काही का असेना, सावध व्हा. मुलीच्या पानात उसळ, दही वाढा. घरात नळ आला, हंडा-कळशी सुटली, उत्तम झालं. पण आता तिला दुसरं काही जड उचलू द्या, धावू द्या. मुलीच्या जातीला हे शोभतं का, असं कुणी विचारलंच तर सांगा, मधुमेह जात विचारून येत नाही.