घरकुल : काचेच्या दारास पडदा

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्हांस काही दिवस उज्जैनीस राहण्याचा योग आला. आमची भाची तेथे नांदते. शहराच्या कडेला त्यांनी नवे घर बांधले असून बैठकीच्या खोलीस पश्चिमेकडे आठ फूट रुंदीचे सरकते काचेचे दार केले आहे. दाराबाहेर लहानसे अंगण, एक पेरूचे झाड आणि पलीकडे रस्ता. एवढे देखणे दार घरात कौतुकाचा विषय असेल अशा समजुतीने आम्ही गेलो. पाहतो तो त्याच दारावरून सासूसुनांत अबोला!

प्रकार असा होता. दुकानदाराच्या सल्ल्यावरून भाचीने दारास गर्द तांबडा, जाड मखमली पडदा केला होता. ऊन आत येणार नाही, अशी त्याने ग्वाही दिली होती. उज्जैनीस मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा तिचे करणे गैर म्हणता येत नाही. परंतु भाचीच्या सासूबाईंची खाट त्या दाराशीच असते. गुडघ्यांमुळे त्यांचे बाहेर जाणे सुटले आहे. दूधवाला, शाळेची मुले, पेरूवरचे पोपट हीच त्यांची सोबत. संध्याकाळची रोझरीही त्या तेथेच बसून म्हणतात. सकाळी अकराला पडदा ओढला गेला की त्यांना सहा-सात तास अंधारात बसावे लागे. सून पडदा ओढी, सासूबाई काठीने तो हळूच बाजूस सारीत. सुनेस वाटे, या हट्टाने घर तापवतात. सासूबाईंस वाटे, आपणांस कोठडीत घातले. दोघींचेही म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच मध्ये पडणे अवघड होते.

आम्ही दुपारी चारच्या सुमारास पडदा आणि काच यांच्या मधल्या फटीत हात घालून पाहिला. तव्यावर हात धरावा तशी धग लागली. वाचकहो, काचेची ही खोड ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उन्हाचा प्रकाश ती सहज आत घेते. पण तो प्रकाश कापडावर पडून त्याची उष्णता झाली की ती उष्णता काच तशी परत जाऊ देत नाही. उन्हात काचा लावून उभी ठेवलेली मोटार याच कारणाने भट्टी होते. गर्द रंगाचे कापड तर ऊन पिऊनच घेते. म्हणजे मखमलीने प्रकाश अडविला होता, उष्णता मात्र घरातच ठेवून घेतली होती. ऊन अडवावयाचे तर ते काचेला लागण्यापूर्वी, बाहेरच अडविले पाहिजे.

याचा उलगडा आम्हांस दुसऱ्या दिवशी अधिक झाला. जावईबापू आम्हांस क्षिप्रेकाठची जुनी वेधशाळा पाहावयास घेऊन गेले. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात ती उभारली, आणि पुढे १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार करविला. कर्कवृत्त उज्जैनीच्या अगदी जवळून जाते. म्हणून २१ जूनच्या सुमारास भर माध्यान्ही तेथील शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. शंकूपाशी उभे राहून आमच्या मनात मात्र भाचीचे दार घोळत होते. उन्हाळ्यात सूर्य दुपारी डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेच्या दारास दोन-तीन फुटांची पडवी पुरते. पश्चिमेचे तसे नाही. तिकडचा सूर्य उतरता उतरता पडवीखालून थेट आत शिरतो. त्याला छत अडवू शकत नाही, उभा आडोसाच लागतो. पूर्वेच्या दाराची सकाळी तीच गत. उत्तरेच्या दारास नुसते पातळ कापड पुष्कळ झाले. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्या दिवसांत दक्षिणेच्या दारातून येणारे ऊन हवेसे असते. तेव्हा कापडाचा रंग व पोत पाहण्यापूर्वी दाराचे तोंड कोणीकडे, हे पाहावे. दुकानात हा प्रश्न आम्हांस आजवर कोणी विचारलेला नाही.

घरी येऊन आम्ही भाचीस म्हटले, "बाय, पडदा राहू दे. आधी बाहेरून चीक लावून पाहू." बांबूच्या बारीक काड्या सुताने विणून केलेली चीक जुन्या वाड्यांतून सर्वत्र असे. दोन दिवसांत ती आली, दाराबाहेर छताच्या कडेस, काचेपासून हातभर अंतरावर टांगली. मधून वारा खेळता राहिला पाहिजे, ही त्यातील मेख. चिकीचा दुसरा गुण सासूबाईंनीच आम्हांस दाखविला. "मामा, मला रस्ता दिसतो, पण रस्त्याला मी दिसत नाही," त्या म्हणाल्या. बाहेर उजेड अधिक, आत कमी, तोवर हे खरे असते. दिवेलागण झाली की उलटे होते. आतला दिवा लागताच घरातले सारे रस्त्यावरून दिसू लागते. चिकीने दिवसाची सोय होते, रात्रीसाठी आतून कापड लागतेच.

वाळ्याचा पडदा लावण्याचाही विचार निघाला. माळव्याची उन्हाळी हवा कोरडी. वाळ्यावर शिंपडलेले पाणी भराभर उडते आणि आत येणारी झुळूक गार व सुवासिक होते. परंतु पाणी सारखे शिंपडावे कोणी? सुनेच्या मागे आधीच कामे पुष्कळ. तो बेत आम्हीच मागे घेतला.

आतल्या कापडासाठी आम्ही सर्वजण भेरूगडला गेलो. हे गाव क्षिप्रेच्या काठी, कालभैरवाच्या देवळापासून जवळ असून तेथील छिपा मंडळींचे छापकाम नावाजलेले आहे. उज्जैनीच्या बाटिक छपाईस २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पातळ केलेले मेण कापडावर नक्षीने घालावयाचे, मग कापड थंड रंगात बुडवावयाचे. मेणाखालचा भाग कोरा राहतो. फिक्या रंगाकडून गर्द रंगाकडे असे पुन्हापुन्हा करून शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकतात. मेणास तडे जातात, त्यांतून रंग झिरपून केसासारख्या बारीक रेषा उमटतात. हे कापड उजेडाच्या वाटेत धरले म्हणजे त्या रेषा कशा खुलतात, हे पाहण्यासारखे आहे. सासूबाईंना आम्ही मोटारीतून नेले होते. त्यांनी पिवळसर जमिनीवर तपकिरी वेल असलेले कापड निवडले, आणि सुनेने ते मुकाट्याने घेतले.

शिवणाच्या काही गोष्टी आमच्या वाचक भगिनींसाठी येथे नमूद करतो. सुती कापड आटते, म्हणून शिवण्यापूर्वी ते मीठ घातलेल्या गार पाण्यात वेगळे धुवावे. पहिल्या धुण्यात रंगही थोडा जातो. चुण्या नीट पडावयाच्या तर दाराच्या रुंदीच्या दुप्पट कापड धरावे. दांडी दाराच्या दोन्ही बाजूंस वीतभर पुढे न्यावी, म्हणजे पडदा भिंतीवर सरतो व दार मोकळे राहते. सरकते दार अर्धेच उघडते. उघडणाऱ्या अर्ध्या भागावर कापडाचा गठ्ठा साठला तर वारा अडतो. माळव्याच्या रात्री गार. त्या वाऱ्यासाठीच तर दार! रंगीत कापड उन्हाने विटते, म्हणून काचेकडील बाजूस पांढरे अस्तर लावावे. ते ऊनही काहीसे परतविते. आमच्या भाचीने खर्च वाचविण्यासाठी अस्तर लावले नाही.

पट्ट्यांचे किंवा गुंडाळीचे तयार पडदे अनेकांस आवडतात. ते सुबक असतात यात शंका नाही. परंतु त्यांच्या ओढदोरीचा फास लोंबकळत राहतो. घरात रांगते मूल असेल तर तो गळ्यात अडकून जीव जाऊ शकतो, अशा घटना देशोदेशी घडल्या आहेत. दोरी ठेवायचीच तर ती उंचावर खिळ्यास गुंडाळून ठेवावी; चिकीची दोरीही याला अपवाद नाही. तसेच स्वच्छ काच मुलांना दिसत नाही. भाचीचा धाकटा त्या दारावर कपाळ आपटून टेंगूळ घेऊन बसला होता. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कागदी फुले चिकटविली, तेव्हा ते थांबले.

आपल्याकडे वसईच्या बाजूसही ओटी काढून सरकत्या काचा बसविलेली घरे दिसू लागली आहेत. त्यांनी उज्जैनीची नक्कल करू नये. आपली हवा दमट, तेथे वाळ्यावरचे पाणी उडत नाही. दुपारचा वारा आपणांस पश्चिमेकडूनच, समुद्रावरून येतो. तिकडे जाड पडदा ओढला तर घामाने जीव जाईल. पावसाळ्यात जाड कापडास बुरशी धरते. चार महिने हलके, चटकन वाळणारे सुती कापडच बरे.

नाताळच्या सुट्टीत आम्ही पुन्हा उज्जैनीस गेलो. चीक गुंडाळून वर बांधली होती आणि सासूबाई दुपारच्या कोवळ्या उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. भेरूगडचा पडदा चुण्यांच्या कडांवर विटला होता, पट्टे पट्टे दिसत होते. भाची म्हणाली, "मामा, अस्तराचे तुम्ही सांगितले होते." सासूबाईंनी तो पडदा उतरवून मांडीवर घेतला होता, आणि पांढऱ्या मांजरपाटाचे अस्तर त्या स्वतः हातटाक्यांनी लावीत होत्या. मखमली पडदा जावईबापूंच्या खोलीत गेला आहे. त्यांची रात्रपाळी असते; दिवसा झोपण्यास तो उत्तम, असे ते सांगतात.