‘मी’ कोण, आणि कोणाचा?

पूर्वेकडील तत्त्वज्ञान आत्म्याचें व पश्चिमेकडील देहाचें, असें पुराणिकांपासून प्रोफेसरांपर्यंत सारे सांगतात. आम्हांस हें पटत नाहीं. फ्रान्सच्या देकार्तनें १६३७ त विचार करणारा ‘मी’ देहाहून निराळा ठरविला; आमच्या चार्वाकमतानें देहालाच आत्मा म्हटलें. मग देहवादी कोण? नागसेन भिक्षूनें मिलिंद राजास विचारिलें कीं, चाक म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? तसाच हा ‘मी’. १७३९ त स्कॉटलंडच्या ह्यूमलाहि आंत शोधतां संवेदनांवांचून कांहीं सांपडलें नाहीं.

तेव्हां भांडण दिशांचें नव्हे. शंकराचार्यांस सर्वांत एकच आत्मा दिसतो. पण त्यांच्याच ब्रह्मसूत्रभाष्यांत शूद्रास वेद ऐकण्याचाहि अधिकार नाहीं! आत्मा एक, मग कान दोन प्रकारचे कसे झाले? इंग्लंडचा लॉकहि त्याच माळेंतला. ज्यास आपल्या मागील कृत्यांची जाणीव तोच ‘मी’, असें त्यानें १६९४ त लिहिलें. त्यापूर्वीं या गृहस्थानें रॉयल आफ्रिकन कंपनींत, म्हणजे गुलामांच्या व्यापारांत, पैसा गुंतविला होता. गुलामास आठवण नव्हती काय?

अद्वैतावर प्रवचनें झोडणाऱ्या शास्त्रीबुवांनीं पुढच्या खेपेस तें अपशूद्राधिकरण न गाळतां वाचून दाखवावें. आम्ही शाळेंतलीं सगळीं पोरें घेऊन पुढें येऊन बसूं.